डावी बाजू मास्तरांची

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवशी गाडीला हात लावू देत नसत, आधी फोन काढून घेत.

"आणा इकडे," म्हणून मास्तर हात पुढे करायचे. समोर बँकेचा मॅनेजर असो की नुकतं लग्न ठरलेली मुलगी, फोन हातावर पडेपर्यंत तो हात मागे जात नसे. मग फोन गाडीच्या डिकीत, डिकीला कुलूप, आणि त्यावर एक छोटं भाषण. "देवाने डोळे दोन दिलेत म्हणून एकाच वेळी दोन ठिकाणी बघता येतं, असा काही लोकांचा समज असतो. अशांचे फोटो पेपरात येतात. फक्त ते त्यांना स्वतःला बघायला मिळत नाहीत." शिकाऊ मंडळी हसायची. हशा कुठे येतो हे मास्तरांना पाठ होतं. तिथे ते थांबत.

हे सगळं ते मनापासून बोलत, हे मुद्दाम सांगायला हवं. ढोंगी माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं. मास्तर ढोंगी नव्हते. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आणि स्वतःच्या गाडीला ओरखडा येऊ दिला नाही. गाडी चालवताना त्यांनी फोनला कधी हात लावला नाही. अडचण एवढीच, की ते गाडी चालवतच नसत. दिवसभर ते डावीकडच्या सीटवर बसत. चालकाने फोन वापरू नये, हा नियम. डावीकडच्या सीटवर बसतो तो चालक नव्हे. म्हणून सगळ्यांचे फोन डिकीत आणि मास्तरांचा फोन मास्तरांच्या मांडीवर.

एखादा धीट शिकाऊ विचारी, "सर, तुमचा नाही टाकायचा डिकीत?"

"मी कुठे चालवतोय?" मास्तर म्हणत. "आणि ऑफिसचा निरोप कोण घेणार, तू? आधी पहिला गिअर घे."

शिकवायच्या गाडीला डाव्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय त्याच्यावर घारीसारखा तरंगत असायचा. त्या पायाची मोठी ख्याती होती. मास्तरांचा डोळा लागला तरी पाय जागा असतो, असं शिकून गेलेले लोक सांगत. असं कौतुक माणसाने फार ऐकू नये. पायाला डोळे नसतात ही साधी गोष्ट मग विसरायला होते.

ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, टेबलावर पुठ्ठ्याचा चौक आणि त्यात खेळण्यातल्या गाड्या. कोपऱ्यात एका मोडीत निघालेल्या गाडीची सीट आणि तिच्यापुढे लोखंडी नळीवर बसवलेलं स्टिअरिंग. नवखे लोक आधी तिथे बसून हवेत गाडी चालवत. टेबलामागे मास्तरांच्या पत्नी. त्यांना सगळे काकू म्हणत. कोणी किती वाजता शिकायला यायचं, कोणाची परीक्षा जवळ आली, कोण आज दांडी मारणार, हे सगळं काकूंच्या हातात.

मास्तर घरात बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. दिवसभर "क्लच, क्लच, क्लच" म्हणून घसा बसलेला असायचा. जेवताना ते "मीठ" म्हणत. ते कमी झालंय, जास्त झालंय की नुसतं पुढे सरकवायचंय, हे काकूंनी ताडायचं. पण काकूंना फोन घेऊन दिल्यावर एक नवलच घडलं. मास्तर गाडीतून त्यांना लिहायला लागले. "बँकेचे साहेब आज रस्ता नांगरतायत. पेरणीला ये." किंवा, "नवी मुलगी ब्रेक इतका हळू दाबते, जणू त्याला उठवायचं नाहीये." आपला नवरा विनोदी आहे हे काकूंना लग्नानंतर तीस-एक वर्षांनी, फोनवरून कळलं. नव्या नवरीसारख्या त्या फोन उराशी घेऊन बसत. काम नसलं तरी काहीतरी विचारत, आणि उत्तराला उशीर झाला की नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवत. मास्तर लगेच लिहीत. तासाच्या मध्ये, वळणावर, कुठेही.

मास्तरांच्या त्या वेळच्या शिकाऊंमध्ये एक नर्स होत्या. सरकारी इस्पितळातल्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मास्तरही सिस्टर म्हणत. पन्नाशीच्या अलीकडच्या, गुडघे रात्रपाळ्यांनी झिजलेले. इस्पितळात नवी जागा निघाली होती: घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेले रोगी बघायचे, गाडी इस्पितळाची, चालवायची मात्र आपली आपण. रात्रपाळीतून सुटायची हीच एक वाट होती. त्या इतक्या जपून चालवत, की मागचे सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात.

मास्तरांच्या शिकवण्यात एक खास पद्धत होती. नवखा माणूस वळताना दोन्हीकडे बघायला जातो आणि समोरचं विसरतो. म्हणून सुरुवातीला वाटणी करायची: समोर आणि उजवीकडे शिकणाऱ्याने बघायचं, डावी बाजू मास्तरांची. वळण्याआधी शिकणाऱ्याने "डावीकडे?" असं विचारायचं, मास्तर आपल्या खिडकीतून बघून "मोकळं" किंवा "थांब" म्हणणार. विचारल्याशिवाय स्टिअरिंग फिरवायचं नाही. पुढे हात बसला की डावी बाजूही शिकणाऱ्याच्या ताब्यात द्यायची. सिस्टरांचा हात कधीच बसला होता, पण त्या डावी बाजू घ्यायला तयार नव्हत्या.

"अजून थोडे दिवस तुमच्याकडेच राहू दे, सर. तुम्ही आहात तोवर मला धीर असतो."

"राहू दे. कुठे पळून जातेय ती?"

त्या दिवशी सकाळच्या उन्हात, टपाल कचेरीच्या कोपऱ्यावर, सिस्टरांनी गाडी हळू केली, डावीकडे वळायचा दिवा लावला आणि विचारलं, "डावीकडे?"

त्याच वेळी काकूंचा निरोप मास्तरांच्या मांडीवर वाजला होता. भोपळा आणलाय, भाजी करू का, एवढाच. मास्तर उत्तर लिहीत होते. मान खालीच ठेवून ते म्हणाले, "हं."

सिस्टरांनी स्टिअरिंग फिरवलं.

डावीकडून किल्लीवाला येत होता. सायकलच्या मागे त्याची लाकडी पेटी. हरवलेल्या किल्ल्या बनवत आणि बंद दारं उघडून देत तो रोज त्याच रस्त्याने जायचा. मास्तरांच्या खिडकीपासून तो हातभर अंतरावर होता. बघितलं असतं तर मास्तरांना त्याच्या शर्टाची बटणं मोजता आली असती. गाडीने सायकलला फुटपाथच्या दगडावर दाबलं आणि किल्लीवाल्याचं डोकं त्या दगडावर आपटलं. फार मोठा आवाज झाला नाही. मोठा आवाज पेटीचा झाला. रस्ताभर किल्ल्या पसरल्या. लोक धावत आले आणि त्यातले काही, माणूस उचलण्याआधी, किल्ल्या गोळा करायला लागले.

सिस्टर गाडीतून उतरल्या, रस्त्यावर गुडघे टेकून त्यांनी त्याची मान दोन्ही हातांनी धरली आणि इस्पितळाची गाडी येईपर्यंत हलू दिली नाही. मास्तर सीटवर बसून होते. त्यांचा पाय ब्रेकवर होता, घट्ट. तो नंतर पोहोचला होता.

इकडे काकूंच्या फोनवर उत्तर आलं होतं. "भोपळा नको. मागच्या वेळी तो माझ्याकडे बघून" एवढंच. धक्क्याने बोट कुठेतरी लागलं असावं आणि अर्धाच निरोप निघून गेला. काकूंना वाटलं, पुढचं येतंय. सुरी हातात धरून, ओठात हसू धरून त्या वाट बघत बसल्या. मग त्यांनी प्रश्नचिन्ह पाठवलं.

पोलीस ठाण्यात मास्तरांनी सांगितलं ते असं. बाई घाबरल्या. मला न विचारता वळल्या. मी ब्रेक मारला, पण यांनी ॲक्सिलरेटर दाबून धरला.

ठाण्यातल्या साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"गाडी मीच वळवली," सिस्टर म्हणाल्या.

"यांना विचारलं होतं?"

"विचारलं असं वाटतंय." त्या मास्तरांकडे बघत होत्या. मास्तर भिंतीकडे बघत होते. "पण सर म्हणतायत तर नसेल विचारलं."

साहेबांनी दोघांना घरी पाठवलं. माणूस बेशुद्ध होता. त्याचं काय होतंय ते बघून पक्के जबाब घेऊ, म्हणाले.

संध्याकाळी मास्तरांचा धाकटा भाऊ आला. तो वकील होता, आणि वकिलांच्या चपला दारात दिसल्या की घरातल्यांना आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटायला लागतं. त्याने काकूंच्या हातचा चहा घेतला, काकूंचा फोन मागून बघितला आणि परत टेबलावर ठेवला, जपून, जसा दुसऱ्याचा दात ठेवावा.

"वहिनी, हे तुम्ही मला दाखवलं नाहीत. काय?"

"तुम्हीच मागितलात, भावोजी."

"मागितला नाही, आणि बघितलाही नाही. दादा सांगतोय चूक बाईंची. बाई सांगतायत चूक बाईंची. दोन्ही पक्ष एकच बोलतायत अशी केस आम्हाला जन्मात एकदा मिळते. तिला नजर लावू नका. हे पुसून टाका, की झालं."

"आणि त्या सिस्टरांचं?"

"शिकाऊ माणूस आहे. शिक्षा होईल थोडीफार. नवी नोकरी नाही मिळणार, जुनीचंही काही सांगता येत नाही. पण दादाचं लायसन गेलं तर शाळा गेली, आणि वर तुरुंग. तुम्हीच तराजू धरा."

काकूंनी तराजू धरला नाही. कप विसळायला घेतले.

भाऊ गेल्यावर मास्तर आतल्या खोलीत जाऊन पडले. थोड्या वेळाने ओट्यावरचा फोन वाजला. भिंतीपलीकडून मास्तरांनी लिहिलं होतं, "तो निरोप काढून टाक. प्लीज." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी काकूंना प्लीज म्हटलं होतं, आणि तेही लिहून.

काकू फोन ठेवून आतल्या दारात उभ्या राहिल्या. "तोंडाने बोला."

मास्तर छताकडे बघत राहिले.

"त्यांनी विचारलं होतं ना, डावीकडे म्हणून?"

"गाडी मी चालवत नव्हतो."

"मी ते विचारलं नाही."

"विचारलं असेल. मी काहीतरी म्हटलं असेन. तू मध्येच लिहिलंस तर माझं लक्ष..." एवढ्यावर ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. काकूंना तर पूर्ण वाक्यच ऐकू आलं. त्या स्वयंपाकघरात परत गेल्या आणि दिवा न लावता स्टुलावर बसल्या. निरोप त्यांनी पुसला नाही; पण तो कोणाला दाखवायचाही धीर झाला नाही. पुढचे काही दिवस फोन असाच राहिला, आणि घर त्याच्याभोवती फिरत राहिलं.

मग एका दुपारी सिस्टर ऑफिसात आल्या. मास्तर भावाकडे गेले होते. सिस्टर उभ्याच राहिल्या. बसा म्हटल्यावर चुकून त्या मोडक्या सीटवर, स्टिअरिंगपुढे बसल्या, आणि लक्षात येताच उठून बाकावर गेल्या.

"सरांची माफी मागायला आले," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांचं नाव माझ्यामुळे गेलं. आत्ता ठाण्यात चाललेय, पक्का जबाब द्यायला. म्हटलं आधी इकडे यावं."

"कसा आहे तो?" काकूंनी विचारलं.

"आमच्याच वॉर्डात आहे. मीच त्या वॉर्डाची सिस्टर." त्यांनी पदराने हात पुसले, ओले नसताना. "त्याच्या बायकोने सांगितलंय, ती बाई माझ्या माणसाजवळ नको. बरोबरच आहे तिचं. मी चादरींच्या खोलीत काम मागून घेतलंय. नवीन मुलींना त्याची कूस बदलता येत नाही नीट. पाठीला जखमा पडायला लागल्यात. मला दारातून दिसतं, पण आत जाता येत नाही."

काकूंनी टेबलावरच्या चौकातली एक गाडी सरळ केली.

"एक विचारू का, काकू? सरांनी 'हं' म्हटल्यासारखं माझ्या कानात आहे. रात्रंदिवस आहे. माणूस स्वतःला वाचवायला असं मनाने रचतो, नाही का? वॉर्डात बघते ना मी. ज्याच्या हातून घडतं, तो असंच काहीतरी धरून बसतो."

खरं सांगायचं तर काकूंनी या वेळीही गप्प बसायचं ठरवलं होतं. जिभेवर "असं होतं खरं" हे शब्द तयारच होते. मोठ्या माणसाच्या तोंडी शोभावेत असे, सोपे आणि कोणालाही न दुखावणारे. पण समोरची बाई स्वतःला वेडं ठरवायला त्यांचीच परवानगी मागत होती, आणि ती देणं काकूंना जमलं नाही.

"त्यांनी हं म्हटलंच असेल," काकू म्हणाल्या. "ते लिहीत असले की तसंच म्हणतात. घरातसुद्धा." आणि त्यांनी फोन काढून सिस्टरांपुढे धरला. "मी विचारत होते. ते मला उत्तर देत होते."

सिस्टरांनी वाचलं. काकूंना वाटलं होतं, त्या रडतील, चिडतील, निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकतील. तसं काही झालं नाही.

"म्हणजे विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या. मग फोन परत देत, "पण मान वळवून बघायला मलाही कोणी बंदी केली नव्हती."

दोघी मिळून ठाण्यात गेल्या. साहेबांनी फोन हातात घेऊन निरोप वाचला, भोपळ्याशी आल्यावर मान वर केली, खात्री करून घेतली आणि लिहून काढला.

"बाई, तुमचे मिस्टर त्या वेळी गाडीत आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"वेळा मीच लावते. कोण कधी गाडीत आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नसतं."

"तरी लिहिलंत?"

"रोज लिहायचे. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहायचे." काकू टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. "आमच्याकडे सगळ्यांचे फोन डिकीत टाकतात, साहेब. दोनच बाहेर राहिले. त्यांचा आणि माझा."

मास्तरांना बोलावणं गेलं. ते भावाबरोबर आले, दारात थबकले. बायको, सिस्टर आणि टेबलावर तो फोन, एवढं बघितल्यावर भावाने त्यांचा दंड धरून सांगितलं, "दादा, एक अक्षर बोलू नकोस."

"तू आधी मला तरी सांगायचं होतंस," मास्तर काकूंना म्हणाले.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

मास्तरांनी खरोखरच विचार केला. वर्गात अवघड प्रश्न आला की करायचे तसा. "फोन फोडला असता तुझा," ते म्हणाले, आणि खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, भावाकडे न बघता. सिस्टरांनी विचारलं होतं. मी बघितलं नाही. ब्रेक नंतर मारला. सांगताना आवाज कुठे कापला नाही, हशासाठी कुठे थांबले नाहीत. त्यांचं लायसन त्याच दिवशी जमा झालं, शाळेची गाडी ठाण्याच्या आवारात राहिली, आणि पुढे व्हायचा तो खटला झाला. भाऊ त्या संध्याकाळी घरी आला नाही. जन्मात एकदा मिळणारी केस हातची गेली म्हणून रुसला, असं नातेवाईक सांगतात.

ठाण्यातून काकू घरी गेल्या नाहीत. सिस्टरांबरोबर इस्पितळात गेल्या.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर किल्लीवाल्याची बायको बसली होती, मांडीवर डबा घेऊन. सिस्टरांना बघून तिने तोंड फिरवलं. सिस्टर दूर, भिंतीशी उभ्या राहिल्या. काकू बाकावर, थोडं अंतर ठेवून बसल्या, आपण कोण ते सांगितलं आणि मग घडलं तसं सगळं सांगितलं. आपला निरोप, नवऱ्याचं उत्तर, सिस्टरांनी विचारणं, ते "हं". किल्लीवाल्याची बायको डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत ऐकत होती.

"काय लिहिलं होतंत?" तिने विचारलं.

"भोपळ्याची भाजी करू का."

"आणि त्यांनी?"

"नको म्हणून."

आतून यंत्राची टिकटिक येत होती. एक नवीन मुलगी ट्रे घेऊन आत गेली आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिला बरंच बोलता आलं असतं. हातातला डबा काकूंच्या अंगावर फेकता आला असता, आणि कोणी तिला अडवलं नसतं. काकूही अंग चोरून नाही, पुढे करून बसल्या होत्या.

"तुम्ही जा आता, बाई," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलायला माझ्यात जोर नाही. येऊ नका परत."

काकू उठल्या. किल्लीवाल्याची बायको भिंतीकडे बघत होती. मग मान न वळवता तिने हाक मारली.

"सिस्टर."

सिस्टर जवळ आल्या.

"त्या पोरींना जमत नाहीये. ह्यांच्या पाठीवर आज रक्त होतं." तिने डबा बाकावर ठेवला. "तुमच्याकडे बघणं माझ्याने होणार नाही. मी इथेच बसते. तुम्ही आत जा आणि ह्यांची कूस बदला."

सिस्टरांनी घड्याळ काढून कमरेला खोचलं, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेल्या. किल्लीवाला नंतर शुद्धीवर आला नाही. पण गेला तेव्हा त्याच्या पाठीवरच्या जखमा भरत आल्या होत्या.